मानतलाईहून माघारी

"परसों के लिए रस्सी कहाँ है, ज़रा दिखाइए," असं मी म्हटलं, तेव्हा आमच्या मुख्य गाइडने पोर्टरच्या ओझ्याला बांधलेली निळी प्लास्टिकची दोरी सोडवायला घेतली. करंगळीएवढी जाड, मध्ये दोन ठिकाणी गाठ मारून जोडलेली, पीळ सुटू नये म्हणून टोक वितळवून काळं केलेलं. आपल्याकडे पावसाळ्याआधी गोठ्यावर ताडपत्री बांधतात, तसली. परवा पहाटे आम्हाला हिमाचलातली 5,319 मीटरवरची पिन-पार्वती खिंड ओलांडायची होती.

आम्ही नऊ जण. ठाणे, डोंबिवली आणि पुणे. बहुतेकांची दहा-पंधरा वर्षं सह्याद्रीत गेलेली. कुल्लूच्या पार्वती खोऱ्यातून चढायचं आणि खिंडीपलीकडे स्पितीत मुद गावी उतरायचं, हे आमचं तीन वर्षांचं स्वप्न. इकडे देवदार, थाच म्हणजे डोंगरातली गवताळ कुरणं आणि धो धो पाणी, तिकडे कोरडा तपकिरी मुलूख. एकाच चालीत दोन देश पाहिल्यासारखं होतं, असं जाऊन आलेले सांगतात. ट्रेक फोनवरून ठरवला. माणशी चोवीस हजार भरले. "गाइड अनुभवी आहे, पंधरा वेळा खिंड केलीय," असं आयोजकाने सांगितलं आणि आम्ही पुढे काही विचारलं नाही.

चाल सुरू होते त्या बरशैणी गावी तो गाइड आलाच नाही. तो आजारी आहे असं कळलं आणि त्याच्या जागी दोघे आले. एक चाळिशीचा, दुसरा जेमतेम बावीस-तेवीसचा. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण सुट्ट्या मोजून घेतलेल्या, सॅक भरलेल्या, जीप परत गेलेली.

खीरगंगेला गरम पाण्याच्या कुंडात सगळे रमलो, तेवढ्यात थोरला गायब झाला. सकाळी नऊला उगवला तो तोंडाला वास घेऊन. टुंडा भुजच्या वाटेवर तो एकटाच तासभर पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या दोघींनी झुडपांतली ढोरवाट धरली आणि पाऊण तास भलत्याच ओढ्याकडे उतरत राहिल्या. सह्याद्रीत आपण वाटाड्या घेतो तो त्या डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेला असतो. आंबेवाडीतला माणूस अलंग-मदन गडांवर नेतो तेव्हा कातळात कोणाचा पाय कुठे लटपटणार, हे त्याला आपल्याआधी कळतं आणि तो बरोब्बर तिथे येऊन उभा असतो. या सवयीमुळे आम्ही हिमालयातही गाइड म्हणजे वाटाड्याच, असं धरून चाललो.

पांडुपूल मात्र जन्मभर लक्षात राहील. ठाकुर कुआँच्या पुढे पार्वती नदी आणि तिला मिळणारा एक ओढा प्रचंड शिळांखालून जातात. पांडवांनी टाकलेले पूल, असं तिथे मानतात. शिळेवर चढायला पावलापुरत्या खोबण्या आहेत. आम्ही पोचलो तेव्हा बुरबुर पाऊस लागलेला, दगड शेवाळ्यासारखा गुळगुळीत झालेला आणि खाली पांढरंफेक पाणी गरजत होतं. तो बावीस वर्षांचा पोरगा खोबणीत टाच रुतवून अर्धा तास तिथे उभा राहिला. नवाच्या नवांना त्याने मनगटाला धरून वर घेतलं. प्रत्येकाला "दीदी, पैर यहाँ", "अंकल, पैर यहाँ" सांगताना तो बोटाने ती जागा पुसून कोरडी करत होता. थोरला पलीकडे बिडी ओढत बसला होता.

मानतलाईचं तळं साधारण 4,100 मीटरवर आहे. चहूकडे वाळू-गोट्यांचं सपाट पात्र, त्यात नदीचे दहा फाटे, आणि काठावर महादेवाचं ठाणं, त्रिशूळ रोवलेले. पार्वती इथेच उगम पावते. चपला काढून मी दगडावर डोकं टेकलं आणि वळले, तर आमच्यातले पुण्याचे काका ओकत होते. डोकं सकाळपासून ठणकतंय आणि आदल्या रात्री झोप लागली नाही, हे त्यांनी लपवलं होतं. थोरला म्हणाला, "चाय पियो, ठीक हो जाएगा." विरळ हवेचा हा त्रास चहाने जात नाही. लक्षणं असताना आणखी वर चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग मी दोराचं विचारलं, आणि ती निळी दोरी बाहेर आली.

खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फ आहे. हिमनदीतल्या भेगांवर ताजं बर्फ साय धरावी तसं पसरतं, वरून काही दिसत नाही. म्हणून अंधारातच निघायचं, बर्फ कडक असेतो पार व्हायचं, आणि सगळ्यांनी अंतर राखून एकाच दोरात चालायचं. एक आत गेला तर बाकीच्यांनी रोखायचं. ती निळी दोरी नऊ माणसं काय, भेगेत पडणाऱ्या एकाचा झटकासुद्धा पेलेल याचा भरवसा नव्हता.

"आप आख़िरी बार कब गए थे?" थोरला बराच वेळ बोलला नाही. अकरा वर्षांपूर्वी एकदा, तेही पोर्टर म्हणून. धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "दीदी, मैं मानतलाई से आगे कभी नहीं गया."

रात्री एका तंबूत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. दोघांना पुढे जायचंच होतं आणि मला त्यांचा राग आला नाही. मलाही रडू येत होतं. शेवटी डोंबिवलीचे दादा म्हणाले, "काका खाली जाणार म्हणजे आपण सगळे खाली जाणार. यात मतं कसली घ्यायची?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

उतरताना रॉकेल संपत आलं. ओडी थाचला गद्दी जमातीच्या एका मेंढपाळाने डेऱ्यात बसवून जाड रोट्या आणि बकरीचं दूध दिलं, पैसे घेतले नाहीत. पुढचे ओढे सकाळीच ओलांडा, दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी छातीला लागतं, हे त्याने न विचारता सांगितलं. आमच्या गाइडने पाच दिवसांत यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. त्या खालच्या हवेत काका रात्रभर शांत झोपले.

खीरगंगेला धाकटा माझ्याशेजारी बसला. त्याला दिवसाला नऊशे रुपये मिळणार होते. खिंड केलेली नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं म्हणे. "रास्ता सीधा है, चला जा," एवढंच उत्तर आलं. आमच्या चोवीस हजारांतून दोर निघाला नाही, हा पोरगा मात्र नवख्या बर्फावर आमच्यापुढे चालायला पाठवला गेला. माझा संताप थोरल्यापेक्षा त्या फोनवरच्या माणसावर जास्त आहे, आणि तो अजून गेलेला नाही. मी पोराला मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेतल्या बेसिक कोर्सबद्दल सांगितलं. नाव त्याने ऐकलेलं होतं, फी कोण भरणार हा प्रश्न होता.

आम्ही नऊ जणांनी वर्गणी काढली आहे. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा जायचं ठरतंय आणि या खेपेला फोनवर आम्ही आयोजकाशी नाही, थेट गाइडशी बोलतोय. शेवटची खिंड कोणत्या साली केली, दोर किती मीटरचा, एकाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार. तिसऱ्या प्रश्नाला आतापर्यंत दोघांनी फोन ठेवून दिला. एकाने मात्र उलट विचारलं, "पिछली बार किसको हुआ था?" त्याच्याशी आमची बोलणी चालू आहेत.