चुकलेलं गाणं, चुकलेलं दार

जपानला जायच्या आधी मी जपानीचे मोजून तीन शब्द पाठ केले होते: धन्यवाद, माफ करा आणि शाकाहारी. पुढचे सगळे मला आठ वर्षांच्या भाचीने शिकवले, तेही टीव्हीवरच्या जाहिराती गाऊन.

भाऊ निशि-कासाईला राहतो. टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डातली ही वस्ती. आयटीतले भारतीय इथे इतके आहेत की स्टेशनबाहेर पहिल्याच संध्याकाळी मागून कोणीतरी "अगं, कोथिंबीर राहिली!" असं ओरडलं आणि मी सवयीने वळून पाहिलं. 2019 चा नोव्हेंबर होता. थंडी बोचरी नव्हती, पण बाहेर पडायचा आळस यावा इतकी होती. त्यामुळे पहिले दोन दिवस मी आणि भाची चिऊ टीव्हीसमोरच होतो.

तिथली जाहिरात बहुतेक वेळा 15 सेकंदांची असते. तेवढ्यात गोष्ट काय सांगणार? म्हणून चालीवर भर. अशा गाण्यांना 'कोमासोन' म्हणतात, म्हणजे 'कमर्शियल साँग'मधले दोन्ही शब्द छाटून उरलेला शब्द. चिऊ वरणभात खाता खाता ही गाणी म्हणत असते. चमचा थांबत नाही, नजर पुस्तकात, आणि तोंडातून कॅमेऱ्याचं दुकान. तिसऱ्या दिवशी मी भांडी विसळताना तेच गुणगुणले तेव्हा भावजय हताशपणे म्हणाली, "ताई, आता तुम्हीपण?"

हे दुकान म्हणजे योदोबाशी कॅमेरा. गाण्याची चाल अमेरिकन, 'ग्लोरी ग्लोरी हालेलुया'ची. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. जपानी पोरं याच चालीवर गोन्बेसानच्या बाळाला सर्दी झाल्याचं गाणं म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाला चाल बालवाडीपासूनच पाठ. त्यावर दुकानाने चक्क पत्ता बसवला आहे. गोल हिरवी यामानोते लाईन, तिच्या मधून जाणारी चूओ लाईन, शिंजुकूचं पश्चिम दार, स्टेशनसमोर. वर्तुळाकार यामानोतेच्या गाड्यांवर खरंच हिरवा रंग असतो. जिथे दुकान तिथला पत्ता, त्यामुळे टोकियोतल्याच अकिहाबाराचं गाणं वेगळं. गाण्यातून मला दोन शब्द मिळाले: 'एकी' म्हणजे स्टेशन आणि 'निशिगुची' म्हणजे पश्चिमेचं दार. मुंबईत ईस्ट-वेस्टच्या चुकीपायी हयातभर पायपीट केलेल्या बाईला याहून जास्त भाषा लागत नाही, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी एकटी निघाले. तोझाई लाईनने ताकादानोबाबा. तिथे यामानोतेचं दार बंद होताना अ‍ॅस्ट्रो बॉयच्या कार्टूनची धून वाजते, कारण त्याचे जनक तेझुका यांची कंपनी त्याच भागात आहे. पुढे दोनच स्टेशनं, की शिंजुकू.

शिंजुकूला बाहेर पडायच्या वाटा 200 हून जास्त आहेत. हे मला माहीत होतं, पण माहीत असून उपयोग नसतो. पाट्या वाचत, लोंढ्याबरोबर वाहत मी एका जिन्याने वर आले. समोर भली मोठी इमारत, लोकांची झुंबड आणि कानावर गाणं. कॅमेऱ्याच्या दुकानाचंच, पण चाल ती नव्हती! हे होतं बिक कॅमेरा, योदोबाशीचा कट्टर प्रतिस्पर्धी. गाणं चुकलं त्याअर्थी दारही चुकलं होतं. मी पूर्वेला उभी होते आणि फोनची बॅटरी संपली होती.

परत खाली गेले. खिडकीतल्या आजोबांना "योदोबाशी, निशिगुची" म्हटलं. माझ्या उच्चारात काहीतरी गडबड असावी, कारण त्यांनी नम्रपणे नकाशा पुढे केला, दुसऱ्याच कुठल्या जागेचा. मग लाज गुंडाळून मी चाल म्हणून दाखवली. आजोबांचा चेहरा मुळीच बदलला नाही. त्यांनी नकाशा परत घेतला, पेनाने त्यावर एक लांबलचक बोगदा रेखाटला आणि माझ्याकडे सरकवला. मी वळले तेव्हा मागे हळू आवाजात गाण्याची पुढची ओळ ऐकू आली.

योदोबाशी हे मुळात एका पुलाचं नाव आणि नंतर शिंजुकूच्या या पश्चिम भागाचं. आज जिथे गगनचुंबी इमारती आहेत तिथे 1965 पर्यंत योदोबाशी जलशुद्धीकरण केंद्राचे तलाव होते. दुकानात शिरल्यावर गाणं थांबतच नाही. फिल्मच्या मांडणीपाशी एक मुलगा खोक्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत होता. गाणं संपून पुन्हा सुरू झालं की त्याचा हात क्षणभर अडायचा, मग पुढची चिठ्ठी. दिवसभरात किती वेळा, ते विचारायचा धीर झाला नाही.

गंमत म्हणजे जाहिरातींच्या या गाण्यांची सुरुवात फिल्मपासूनच झाली. 1951 च्या सप्टेंबरात जपानमध्ये खासगी रेडिओ सुरू झाला आणि त्याच महिन्यात मिकी तोरिरो या संगीतकाराचं गाणं वाजलं, एका हौशी फोटोग्राफरचं. पैसे कोनिशिरोकू या फिल्म बनवणाऱ्या कंपनीचे, पण गाण्यात कंपनीचं नाव कुठेच नाही. आणि इथे? नाव, गाव, दार, सगळं.

संध्याकाळी भावाने बिकच्या गाण्याचा अर्थ सांगितला. त्यांचा पत्ता इकेबुकुरोचा. त्या स्टेशनच्या पूर्वेला सेइबूचं मोठं दुकान आहे आणि पश्चिमेला तोबूचं. पण सेइबूच्या नावात 'पश्चिम' हे अक्षर आहे आणि तोबूच्या नावात 'पूर्व'. गाण्यात त्याचंच नवल केलं आहे: अजब गजब इकेबुकुरो! चाल मात्र 1864 च्या एका अमेरिकन भक्तिगीताची. जपानी पोरांनी तिच्यावर तानुकी नावाच्या प्राण्याच्या नको त्या अवयवाबद्दलचं गाणं कधीच रचून ठेवलंय. मी चिऊला ते म्हणायला सांगितलं तर ती उशीत तोंड खुपसून हसत सुटली.

सगळ्या गाण्यांना पत्ता नसतो, हेही खरं. हिताचीचं 1973 पासूनचं गाणं एका झाडाबद्दल आहे: हे झाड कुठलं? 'की' म्हणजे झाड आणि 'की' म्हणजे मनही, त्यामुळे मनात घोळत राहणारं झाड असा श्लेष. ते झाड आहे हवाईत, होनोलुलूच्या बागेत. चित्र पाहून मी म्हटलं, "अगं, हा तर रेन ट्री! मुंबईत रस्तोरस्ती आहे." चिऊला ते अजिबात पटलं नाही. कुठलं झाड हे कोणालाच माहीत नसतं, असं गाण्यात आहे म्हणे.

शेवटच्या शनिवारी सगळे इतोला गेलो, इझू द्वीपकल्पावर, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. आतामीपासून रूळ समुद्राच्या कडेने जातात, अधूनमधून बोगदे. गाडीत चिऊ आणि तिचे बाबा दोघंही गात होते, कारण हे गाणं भावानेच ऑफिसातल्या वयस्कर सहकाऱ्यांकडून उचललेलं. इतोला जायचं तर हातोया, फोन 4126! साठच्या दशकापासूनची ही हॉटेलची जाहिरात. शब्द नोसाका अकियुकी यांचे, म्हणजे युद्धात अनाथ झालेल्या दोन भावंडांची 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' ही काजव्यांची कथा ज्यांनी लिहिली तेच. ते कळल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

आता 4126 च का? जपानीत आकड्यांना एकेका अक्षराचे उच्चार असतात. चार 'यो', एक 'इ', दोन 'फु', सहा 'रो'. योइ फुरो, म्हणजे झकास अंघोळ! अंघोळीच्या गावातल्या हॉटेलला याहून चांगला नंबर कुठला मिळणार? आम्ही मात्र उतरलो होतो एका स्वस्तातल्या घरगुती मुक्कामी. तिथलं पाणी इतकं कढत होतं की मी घोट्याच्या वर गेलेच नाही.

परतीच्या गाडीत चिऊने ठाण्याच्या आजीच्या लँडलाईनचा नंबर हातावर लिहून घेतला आणि त्याचं मराठी गाणं करायला बसली. मराठी आकडे काही वाकेनात. 'सात' ओढून 'साथ' झालं, 'पाच'चं काहीच होईना. ओदावारा गेलं, योकोहामा आलं. शेवटच्या दोन आकड्यांपाशी ती थांबली.

"आठ... वन," ती म्हणाली. मग पुन्हा, जोडून. "आठवण! आत्या, आठवण होतं!"

त्यातलं निम्मं इंग्रजी आहे म्हणून तिच्या बाबांनी ते बाद केलं. ती ऐकतेय कसली. हातोयाच्या चालीवर शिनागावापर्यंत तिचं चालूच होतं: ठाण्याला जायचं तर आजी, फोन आठवण!