सागवानी डेस्क ऑर्गनायझर आणि मुंबईचा पावसाळा

टेबलावरच्या वस्तूंसाठी लाकडी डेस्क ऑर्गनायझर घरी करायचा ठरला की बहुतेक जण आधी मापे घेतात. मुंबईत राहणाऱ्याने आधी लाकडाच्या रेषांचा, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेचा, विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि अशा हवेत लाकडातील पाण्याचे प्रमाण हळूहळू १६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. तेच लाकूड एसी चालणाऱ्या खोलीत राहिले तर १० टक्क्यांपर्यंत खाली येते. या चढउताराबरोबर लाकूड फुगते आणि आकसते, पण सगळ्या दिशांना सारखे नाही. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र १५० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी फळीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि सांधा उकलायला तेवढा पुरतो.

म्हणून चारही बाजूंच्या फळ्यांचे रेषे आडवे, टेबलाला समांतर ठेवावेत. आतले खण वेगळे करणाऱ्या पडद्यांचे रेषेही आडवेच हवेत, मग पावसाळ्यात सगळे भाग एकत्र उंचीत वाढतात आणि हिवाळ्यात एकत्र उतरतात. पडदी उभ्या रेषांची बसवली, तर बाजूची फळी वाढते, पडदी तेवढीच राहते, आणि त्या ओढाताणीत चिकटवलेल्या कडेला चीर पडते. तळाला अखंड फळी न घालता ६ मिलिमीटरचा प्लायवुड घ्यावा, कारण प्लायमधील पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने तो फारसा फुगत नाही, आणि वर उभ्या असलेल्या फळ्याही आपल्या लांबीत हलत नसल्याने दोघांचे जमते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, मात्र मी सुचवणार नाही. ओल्या फडक्याने टेबल रोज पुसले जाते, तिथे त्याची खालची कड पाणी शोषून फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

लाकूड जुने सागवान मिळाले तर फारच उत्तम. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा दारे-खिडक्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात, आणि कित्येक दशके याच हवेत राहिलेले ते लाकूड नव्या फळीपेक्षा पुष्कळ शांत असते. रे रोडच्या लाकूडबाजारातही लहान तुकडे मागितले तर मिळतात. तुकडा निवडताना गाभ्याचे तपकिरी लाकूड घ्यावे; बाहेरच्या पांढरट भागाला कीड लवकर लागते. जुन्या चौकटीवरून लोहचुंबक फिरवणे अगदी आवश्यक आहे, कारण रंगाखाली मोडून राहिलेला एक खिळा करवतीचे दात घालवतो. हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, आणि ती फार लागत नाहीत: पाठीवर लोखंडी पट्टी असलेली बारीक दातांची करवत, काटकोन पाहायचा गुण्या, लाकूड छिलायची पटाशी, लहान रंधा आणि हाताने फिरवायचे ड्रिल. सोसायटीत दुपारी यंत्राचा आवाज चालत नाही, हाताच्या करवतीला मात्र कोणी हरकत घेत नाही.

मापे मी वस्तूंवरून काढली. ए४ कागदाची लांब बाजू २९७ मिलिमीटर असते, म्हणून आतली लांबी ३०० ठेवली आणि १२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे साधारण चार सुतांच्या फळ्या धरून बाहेरची ३२४ झाली. खोली १६० मिलिमीटर, मागची फळी १५० उंच, पुढची ७५, आणि बाजूच्या फळ्या मागून पुढे उतरत्या. मागे कागद-पाकिटांसाठी ४५ मिलिमीटरचा लांब खण, आणि पुढे दोन पडद्यांनी केलेले तीन खण: कव्हरसह मोबाइलसाठी ९०, पेनांसाठी ८०, उरलेला १०६ चष्म्याच्या घरासाठी. पेन साधारण १४० मिलिमीटरचे असते, त्यामुळे निम्मे आत आणि निम्मे बाहेर राहते, आणि खणात हात न घालता ते उचलता येते.

कापण्याची रेघ पेन्सिलीने न मारता गुण्याला टेकवून धारदार सुरीने मारावी. पहिला हात हलका, दुसरा जरा दाबून. सुरीने वरचे रेषे कापले जातात, त्यामुळे करवत लावल्यावर कड पिंजत नाही; शिवाय रेघेच्या टाकाऊ बाजूने पटाशीने तिरपा छिलका काढला की करवतीला बसायला आयती खाच मिळते. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात ही बारीक खाच सावलीसारखी स्पष्ट दिसते आणि करवत तिच्यातून आपोआप सरळ चालते. सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत प्रिय आहे.

कोपऱ्यांवर नुसती फळीला फळी चिकटवणे पुरेसे नाही, कारण फळीच्या कापलेल्या टोकाला रेषांची तोंडे उघडी असतात आणि ती गोंद पिऊन टाकतात. मागच्या व पुढच्या फळीच्या टोकांना ६ मिलिमीटर खोल खाच करून बाजूची फळी तिच्यात बसवावी, उघड्या टोकाला फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन तो मुरू द्यावा आणि मग दुसरा हात द्यावा. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून त्याआधी सांध्याची जागा थिनरच्या फडक्याने पुसावी. पूर्वी सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, गरम करून वापरीत, तो दमट हवेत नरम पडे. आताच्या पांढऱ्या गोंदाने तो त्रास वाचवला आहे. आधारासाठी प्रत्येक कोपऱ्यात ३ मिलिमीटरची भोके पाडून बांबूच्या काड्या गोंद लावून ठोकाव्यात. या खुंट्या गंजत नाहीत आणि नंतर कापून, घासून सपाट करता येतात.

क्लॅम्प नसतील तर खोक्याभोवती सुतळीचे दोन वेढे देऊन त्यांत काडी घालून पिळावी, सांधे घट्ट आवळले जातात. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. या मापांना ते ३६१ मिलिमीटरच्या आसपास येतात. एक जास्त आला तर त्याच कर्णाच्या दिशेने हलके दाबून दोन्ही सारखे करावेत आणि रात्रभर हात लावू नये. पडद्या आणि तळ दुसऱ्या दिवशी.

घासण्यासाठी १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्याच दिशेने. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश सागवानाला फार सुंदर दिसते, पण पावसाळी हवेत ते लावताना पांढुरके पडते, म्हणून त्यासाठी दिवाळीनंतरचा कोरडा दिवस पाहावा. तोवर थांबायचे नसेल तर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात चालतात. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, सुकताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून किंवा एकेक पसरून वाळवून मगच टाकावीत.

शेवटी तळाच्या चार कोपऱ्यांना रबराच्या पातळ चकत्या लावाव्यात, म्हणजे टेबल पुसल्यावर राहिलेला ओलावा प्लायच्या कडेपर्यंत पोहोचत नाही आणि खालून हवा खेळती राहते.