भामरागडपलीकडे एल-बँड मोडेम बसवायला जाताना

"मोडेम खराब आहे, बदलून द्या." तक्रार एवढीच होती. ठिकाण भामरागडच्या पुढचं एक गाव, तिथली आश्रमशाळा, आणि तिच्या आवारात कुणीतरी आधी बसवून गेलेलं १.२ मीटर डिशचं व्हीसॅट, म्हणजे उपग्रहामार्फत इंटरनेट देणारं केंद्र. कागदावर हे काम तासाभराचं: जुना डबा काढा, नवा लावा, कॉन्फिग फाइल (मोडेमची सेटिंग्ज) चढवा, हबला (उपग्रह सेवेच्या मुख्य केंद्राला) फोन करा. प्रत्यक्षात जायचा रस्ताच एवढा लांब की एक कनेक्टर विसरला तरी फेरी फुकट जाते. पुढे कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय.

रस्ता नागपूर, चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टीजवळ वैनगंगेचा पूल आणि मग आलापल्ली. रेल्वेने येणाऱ्याने बल्लारशाहला उतरावं. आलापल्लीपासून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर, सागवानाच्या जंगलातून. हेमलकसा लागलं की भामरागड आलंच समजा. मध्ये पर्लकोटा नदी आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिघी भामरागडजवळ एकत्र येतात, त्यामुळे पावसाळ्यात पाणी पुलावर चढून तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षं येत आली आहे. जून ते सप्टेंबरमध्ये तारीख घेऊच नका. दिवाळीनंतर जा, म्हणजे ओलं काँक्रीटही नीट धरतं.

डिझेल, सिमेंट, नटबोल्ट, बाइंडिंग वायर हे सगळं आलापल्लीत उरकून घ्या. पुढे किराणा मिळेल, चहा मिळेल, पण ७५ ओहमचा एफ-कनेक्टर आणि तो दाबायचं क्रिम्पर मिळणार नाही. गाडीत केबलचं भेंडोळं, डिशचे भाग आणि जीपीएस घेऊन चाललेला माणूस नाकाबंदीवर संशयास्पद दिसतोच. ग्राहकाचं पत्र, सामानाचं चलन, सेवा देणाऱ्या कंपनीच्या परवान्याची प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र एका फाइलमध्ये वरच ठेवा. मला प्रत्येक वेळी नीट वागणूक मिळाली; कागद दाखवले की पाच मिनिटांत सुटका. आणि 'नेटवर्क नाही, मग सॅटेलाइट फोन घेऊन जाऊ' असली हुशारी कुणी सुचवली तर ऐकू नका. विनापरवाना थुराया किंवा इरिडियम बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे.

आता डिश. आमचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला. भामरागडहून त्याची दिशा येते उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १७३ अंश, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, आणि उंची ६७ अंश. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक असतो, त्यामुळे दुरुस्तीची डोकेफोड नाही. फक्त पत्र्याच्या छपरापासून आणि लोखंडी पोलपासून लांब उभं राहून वाचा. होकायंत्र नसेल तर गावातल्या छत्र्या बघा. टाटा प्लेची छत्री ८३ अंशांवरच लागलेली असते, तिच्याच रोखाने आपली डिश. डीडी फ्री डिशची छत्री मात्र ९३.५ अंशांवर, म्हणजे भामरागडहून पाहिलं तर साधारण २७ अंश आणखी पूर्वेकडे वळलेली. त्या भागात फ्री डिशच जास्त, आणि तिच्याकडे बघून रोख धरला तर मोडेम दिवसभर 'सर्चिंग' दाखवत बसेल.

नवख्या मुलांचा एक गोंधळ नेहमी होतो. ऑफसेट डिशचा, म्हणजे सिग्नल झेलणारा फीड मधोमध नसून खालच्या बाजूला असलेल्या डिशचा, चेहरा ६७ अंश वर बघताना दिसत नाही. आमच्या डिशचा ऑफसेट २२ अंशांच्या घरात, तेव्हा पाठीवर कोनमापक ठेवलं तर ४५च्या आसपास आकडा यायला हवा. पोल ओळंब्यात नसेल तर हे सगळे आकडे खोटे. तिथला पोल तिरपा होता. तो आधी पाचर मारून सरळ केला, मगच डिशला हात लावला. १.२ मीटर डिशचा किरण या वारंवारितेला सव्वा ते दीड अंशाचाच असतो, त्यामुळे उंची ठरवून आडवी दिशा अगदी सावकाश फिरवावी लागते, आणि प्रत्येक थांब्यावर मोडेमला लॉक व्हायला, म्हणजे हबचा सिग्नल पकडायला, काही सेकंद द्यावे लागतात. घाई करणारा माणूस उपग्रहावरून तीनदा पुढे निघून जातो आणि त्याला कळतही नाही.

मोडेममध्ये भरायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्यातली एक चुकली की बाकी सगळं व्यर्थ. एल-बँड मोडेमला आकाशातली केयू-बँड वारंवारिता (११ ते १४ हजार मेगाहर्ट्झच्या आसपासची) ऐकूच येत नाही. तो ९५० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातच, म्हणजे एल-बँडमध्येच, बोलतो. वरचं-खालचं भाषांतर डिशवर बसवलेले दोन भाग करतात: येणारा सिग्नल खाली आणणारा एलएनबी आणि जाणारा वर चढवणारा बीयूसी. एलएनबीचा लोकल ऑसिलेटर (सिग्नलमधून वजा होणारी ठरलेली वारंवारिता) १०,००० मेगाहर्ट्झचा असेल आणि हबची वाहक लहर समजा ११,५०० वर असेल, तर मोडेमला १,५०० ऐकायचं असतं. पाठवताना बीयूसीचा ऑसिलेटर १३,०५० असेल आणि पाठवायचं असेल १४,२५० वर, तर मोडेममधून निघतं १,२००. हे आकडे फाइलमध्ये आधीच भरलेले येतात, ही खरी गोम. फाइल नागपुरात एका एलएनबीसाठी बनते आणि साइटवर दुसराच असतो. ९,७५०चा एलएनबी लावून फाइलमध्ये १०,००० असेल तर मोडेम २५० मेगाहर्ट्झ बाजूला शोधत राहतो, आणि तुम्ही बिचाऱ्या डिशला दोष देत तिला आणखी बिघडवता. शिडीवर चढल्याबरोबर एलएनबी आणि बीयूसीवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो काढा. अक्षांश-रेखांशही जागेवरचे जीपीएसचे भरा, तालुक्याचे नकोत. अनेक मोडेम वेळेच्या खाचांमध्ये पाठवतात, आणि उपग्रहाचं अंतर मोजायला त्यांना आपली जागा नेमकी ठाऊक असावी लागते.

आमचा रिसीव्ह पहिल्या अर्ध्या तासात लॉक झाला. सिग्नल छान. पण पाठवायला सुरुवात केली की दोन-चार सेकंदांत ट्रान्समिटचा दिवा विझायचा, थोड्या वेळाने पुन्हा पेटायचा, पुन्हा विझायचा. जुन्या मोडेमच्या तक्रारीमागचं दुखणं हेच. नवा डबा, तोच आजार. म्हणजे आजार डब्यात नव्हता.

इथे जरा थांबून सांगतो, कारण ही गोष्ट माहीत नसल्यामुळे किती चांगले मोडेम 'खराब' म्हणून परत गेले असतील कोण जाणे. मोडेमपासून बीयूसीपर्यंत जाणाऱ्या एकाच केबलमधून तीन गोष्टी एकदम जातात: एल-बँडचा सिग्नल, बीयूसीची वारंवारिता नेमकी ठेवणारा १० मेगाहर्ट्झचा संदर्भ, आणि बीयूसीला चालवणारा २४ व्होल्टचा डीसी. उंच वारंवारितेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. म्हणून आत पोलाद आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असलेली स्वस्त आरजी-६ केबल सिग्नलला तितकीच चांगली. डीसी मात्र तारेच्या पूर्ण गाभ्यातून जातो, आणि पोलादी गाभ्याचा विद्युतरोध तांब्याच्या चार-पाच पट. एलएनबीला मिलिअँपिअरमध्ये भागतं, त्यामुळे रिसीव्ह ठणठणीत. ३ वॉटचा बीयूसी पाठवायला लागला की दीड अँपिअरच्या आसपास ओढतो. आमची केबल पस्तीस मीटर होती. हिशेब केला तर सहा-सात व्होल्ट वाटेतच गळत होते. २४चे १७ झाले की बीयूसी मान टाकतो, प्रवाह थांबतो, व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा उठतो. दिवा विझतो-पेटतो तो यामुळे.

खात्री करायची साधी रीत अशी: मोडेम उचलून थेट डिशखाली न्या, चार-पाच मीटरच्या चांगल्या केबलने जोडा. तिथे दिवा स्थिर राहिला की निकाल लागला. आमच्याकडे राहिला. मग जुन्या केबलचं टोक सोलून मधल्या तारेला लोहचुंबक लावला, तर तार टणकन चिकटली. शाळेच्या शिपाईमामांनी तो तुकडा हातात घेतला, दोनदा चिकटवून पाहिला आणि म्हणाले, "तांब्याचीच दिसते ना जी, पण लोखंड निघालं." आधी काम करून गेलेल्यांनी केबलमध्ये वाचवलेले पैसे त्या शाळेला कित्येक महिन्यांच्या बंद नेटने फेडावे लागले. चुंबक अगदी स्वस्तात मिळतो. केबल घेताना दुकानातच लावून पाहा. पूर्ण तांब्याच्या गाभ्याची मागा. अंतर पन्नास मीटरच्या पुढे असेल तर त्याहून जाड आरजी-११ घ्या, नाहीतर मोडेमच डिशजवळ न्या.

केबल बदलताना तीन पथ्यं पाळा. मोडेमची वीज बंद केल्याशिवाय कनेक्टर उघडायचा नाही. जिवंत डीसीवर गाभा आणि जाळी एकमेकांना टेकली की मोडेमचं पोर्ट जातं. दोन्ही टोकांना 'टीएक्स' (पाठवण्याची) आणि 'आरएक्स' (घेण्याची) लिहायचं, कारण अदलाबदल झाली तर १८ व्होल्टच्या एलएनबीला २४ व्होल्ट मिळतात. आणि जोडण्याआधी मल्टिमीटरने गाभा-जाळीत शॉर्ट नाही ना ते पाहायचं. जाळीचा एक केस पुरतो.

मग क्रॉस-पोल. पाठवण्याची परवानगी मिळण्याआधी हबवाले तुमच्याकडून एक निर्भेळ लहर मागतात आणि विरुद्ध ध्रुवणावर (लहरीच्या उभ्या-आडव्या रोखावर) तुम्ही किती सांडताय ते मोजतात. ३० डेसिबलच्या आसपास फरक हवा. कमी असेल तर त्याच उपग्रहावर दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये तुमची खरखर जाते. यासाठी फीडहॉर्न अंशा-अंशाने फिरवायचा असतो, आणि तो फिरवताना हबचा माणूस फोनवर हवा. गावात नेटवर्क होतं ते फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर, तेही बीएसएनएलची एक कांडी. शेवटी एक तरुण गुरुजी टाकीवर चढले, फोन स्पीकरवर ठेवला आणि तिथून ओरडून आकडे सांगू लागले: "सव्वीस... अठ्ठावीस... सर, परत सत्तावीस! मागं या!" मी शिडीवर, हातात पाना. खाली पाचवी-सहावीची पोरं प्रत्येक आकड्याला टाळ्या वाजवत. एकतीसवर बोल्ट आवळला. आवळतानाही फीड किंचित सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर आकडा पुन्हा विचारा. हबची वेळ आदल्या दिवशीच ठरवून घ्या आणि फीडचा सुरुवातीचा कोन हिशेबाने लावून ठेवा. ८३ अंशांसाठी तिथे तो सातच्या आसपास येतो; मग हुडकायला फारसं उरत नाही.

त्यानंतर पातळी वाढवत नेण्याची चाचणी. मोडेममधून १ डेसिबल वाढवला की हबला १ डेसिबलच वाढलेला दिसला पाहिजे. वाढ कमी दिसू लागली म्हणजे बीयूसी दमला. तिथून मागे यायचं. मोडेमचं आउटपुट कमाल करून ठेवणारे लोक मला कळत नाहीत.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. गडचिरोलीत वळवाच्या विजा भयंकर. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मी गेलो तेव्हा ११ होतं. दोनच्या आत यायला हवं. नवा खड्डा खणून मीठ-कोळसा घालून पट्टी उतरवली, तेव्हा दीडवर आलं. केबल इमारतीत शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक लावा, आणि शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं, मोडेमपर्यंत ओघळत येत नाही. बाहेरच्या कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा; नुसती काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते. फीडच्या तोंडावरचा पडदा फाटका असेल तर गांधीलमाश्या आत घर करतात. आणि वानरांना फीडची दांडी बसायला फार आवडते, तेव्हा भोवती जाळीचं कुंपण मागून घ्या.

पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर आहे, त्याला इलाज नाही. पण शिक्षकांना हे आधी सांगा, नाहीतर 'नेट स्लो' म्हणून पुढची तक्रार तयार. मोडेमशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवून या. त्यावर तीन गोष्टी लिहा: कुठला दिवा कसा दिसला पाहिजे, जोराच्या पावसात नेट गेलं तर अर्धा तास थांबायचं आणि काहीही हलवायचं नाही, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी बाराच्या आगेमागे सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा काही मिनिटं लिंक जाणारच. त्या वेळी मोडेम बंद-चालू करायची गरज नसते.

जुना मोडेम मी खोक्यात घालून परत आणला. नागपूरच्या टेबलावर तो पहिल्याच झटक्यात चालू झाला. आता जादा मोडेम म्हणून आलापल्लीच्या बाजूच्या पुढच्या साइटसाठी ठेवला आहे.