कोल्हापूर खायचं तर घड्याळ बघून: आपल्याच गावात पाहुण्यासारखं फिरताना

कोल्हापुरात जन्म गेला म्हणून माणसाने कोल्हापूर खाल्लेलं असतंच असं नाही. घरी रविवारी रस्सा शिजतो, चटणीची बरणी वर्षभर भरलेली असते, मग बाहेर पैसे घालायचे कशाला, अशीच आमच्या पेठेतली पद्धत. यंदा थंडीत पुण्याहून आतेभाऊ आणि वहिनी मुलांना घेऊन आले. "देवदर्शन आणि पन्हाळा दर वेळी होतो, या खेपेला फक्त खायला आलोय," असं वहिनींनी आल्या आल्या सांगून टाकलं. त्यांच्याबरोबर मीही माझ्याच गावात पाहुण्यासारखा हिंडलो. त्या फिरण्यातून जे हाती लागलं ते येणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. इथल्या प्रत्येक पदार्थाला त्याची वेळ आहे. दुकानांची यादी कुणीही देईल, पण मिसळ दुपारी दोनला आणि भेळ सकाळी अकराला शोधत फिरलात तर कोल्हापूर हाती लागणार नाही. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणारे सकाळीच उतरतात, त्यांचं गणित आपोआप जुळतं. गाडीने येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच पोहोचावं.

सकाळ गंगावेशीत सुरू करा. तिथल्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. आजूबाजूला तालमी आहेत, जोर-बैठका मारून आलेली पोरं उभ्याउभ्या पेला रिकामा करून निघून जातात. संध्याकाळीही कट्टा भरतो आणि तेव्हा घरची माणसंही येतात, पण मला सकाळच आवडली. गर्दी कमी असते आणि हवेत गारवा असतो. एक काळजी मात्र जरूर घ्या. हे दूध कच्चं असतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी हा मोह टाळावा. आम्ही मुलांना नुसती धार बघायला उभं केलं आणि दूध घरी येऊन तापवून दिलं.

मग मिसळ. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे आणि कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही दोन नावं बाहेरगावच्यांनाही ठाऊक असतात आणि दोन्हींचं नाव खरं आहे. कामाच्या दिवशी नऊच्या आत गेलात तर बसायला जागा मिळते. रविवारी मात्र रांग लागते. फार उशीर केला तर कट, म्हणजे मिसळीवर ओतायचा तिखट रस्सा, संपलेला असतो, आणि कट संपला की मिसळ संपली. इथे मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो, त्याला नाक मुरडू नका. मऊ स्लाइस कट चांगला पितो. ताटलीत उसळ, शेव-चिवडा, कांदा, लिंबू असतं आणि कट वेगळ्या भांड्यात येतो. पुण्याची माणसं तो एकदम ओततात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. आधी चमचाभर चाखा, मग हवा तेवढा घ्या. दही मागितलं म्हणून कुणी हसत नाही, निवांत मागा. बटाटेवडा कटात बुडवून देतात तो कटवडा, मिसळीच्या बरोबरीने तोही मागवा. आमच्या वहिनींना मिसळीपेक्षा तोच जास्त आवडला. बावड्याला गेलात तर येताना लक्ष्मीविलास पॅलेसवर जाऊन या. शाहू महाराजांचा जन्म 1874 साली तिथे झाला.

मिसळ खाल्लीत तर दुपारी मटणाचं ताट घेऊ नका. हा माझा आग्रह आहे. एकाच दिवशी दोन्ही उरकणारे लोक मी पाहतो, त्यांना दोन्हींतलं काहीच नीट लागत नाही. तांबडा-पांढऱ्यासाठी वेगळा दिवस ठेवा, त्या दिवशी सकाळी नुसता चहा घ्या आणि बाराच्या ठोक्याला बसा.

पांढरा रस्सा म्हणजे काय हे एकदा नीट समजून घ्यावं, म्हणजे चांगला-वाईट ओळखता येतो. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून भरपूर पाण्यात शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. त्याच अळणीचे दोन वाटे होतात. एकात खोबरं, तीळ, कांदा, लसूण भाजून केलेलं वाटण आणि घरची चटणी पडते, तो तांबडा. दुसऱ्यात खडा मसाला तुपात परतून नारळाचं दूध आणि खसखस, तीळ, काजू यांचं बारीक वाटण जातं, तो पांढरा. नारळाचं दूध पडल्यावर रस्सा खळाखळा उकळला तर फुटतो, म्हणून आच मंद लागते. मूळ अळणीच असल्यामुळे पांढरा रस्सा पातळ असला पाहिजे, वाटीला तोंड लावून पिता आला पाहिजे, आणि त्याच्या तळाशी मटणाची चव पाहिजे. एका ठिकाणी आमच्यापुढे दाट, पांढराफेक, गुळगुळीत सूप आलं. त्यात मटणाचा अंशही नव्हता. असं आलं तर दुसरी वाटी मागू नका, पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस हे जुन्या वळणाचं ठिकाण. बसायची व्यवस्था साधी आहे, पण रस्सा वाहता असतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचं ओपल अधिक ऐसपैस आहे, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन जायला ते बरं. ताटात सुकं मटण, दोन्ही रस्से, भाकरी किंवा चपाती आणि शेवटी भात, असा क्रम असतो. बऱ्याच ठिकाणी रस्सा लागेल तेवढा वाढतात, म्हणून सुक्यावर आधीच ताव मारू नका. भाकरी घ्या, चपाती नको. ज्वारीची भाकरी तांबड्यात चुरून खाल्ली की चटणीचा तिखटपणा आपसूक बसतो. मुलांसाठी अळणी मागा, बहुतेक खानावळी देतात. आमच्या पुतण्याने दोन्ही दिवस अळणी-भातच खाल्ला आणि तो खूष होता. धीट असाल तर रक्ती-मुंडी, म्हणजे बकऱ्याचं शिजवलेलं रक्त आणि डोक्याचं मांस, मिळते का विचारा.

दिवस निवडतानाही थोडा विचार करा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं इथे खूप आहेत आणि श्रावणात तर मटणाची चूलच थंड असते. रविवारी आणि बुधवारी ताजं, भरपूर शिजतं. मटणाचा विषय या गावाच्या किती जिव्हाळ्याचा आहे ते 2019 च्या अखेरीस सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. दर वाढले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद राहिली, आणि शेवटी बैठका घेऊन दर ठरवावा लागला. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटली. आम्हाला तो घरचा प्रश्न वाटत होता, आजही वाटतो.

'व्हेज कोल्हापुरी' नावाची लाल भाजी मात्र इथे येऊन मागू नका. शाकाहारी माणसाने अख्खा मसूर आणि रोटी खावी, झुणका-भाकरी-ठेचा खावा, आणि सकाळी लोणी डोसा खावा. तो मूळचा दावणगिरीचा, पण इथल्या गाड्यांवर आता पक्का रुळला आहे. पन्हाळ्याला गेलात तर गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, ते घ्याच.

संध्याकाळ खासबागेची. भवानी मंडपातून चालत पाच-दहा मिनिटांत पोहोचता. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान 1912 साली उभं राहिलं. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ऑगस्ट 2024 मध्ये ते आगीत सापडलं तेव्हा अख्खं शहर रात्रभर तिथे उभं होतं. त्या परिसरात राजाभाऊंची भेळ खायची. भेळवाला पुढ्यात कालवतो तेव्हाच सांगा, तिखट किती आणि चिंच किती. कालवल्यावर लगेच तोंडात टाका, पार्सल नेलेली भेळ म्हणजे ओला लगदा. भेळेनंतर कॉकटेल. नावावरून घाबरू नका, यात दारूचा थेंब नसतो. फळं, आइस्क्रीम आणि सुकामेवा घालून केलेला तो गार ग्लास असतो, आणि कोल्हापुरी पोरांचं बालपण त्यावर पोसलेलं आहे. सोळंकींच्या दुकानाचं नाव त्यासाठी कुणीही सांगेल.

गाडी गावात घालू नका. अंबाबाईच्या मंदिराभोवतीचे रस्ते अरुंद आहेत, मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते. बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये गाडी लावा आणि चाला. लांबचं असेल तर रिक्षा करा. गाड्यांवर खायचं तर खिशात सुटे पैसे असू द्या.

थंडीत येणार असाल तर एक सकाळ गुऱ्हाळासाठी राखून ठेवाच. दिवाळीनंतर साधारण मार्चपर्यंत हंगाम असतो. शहराबाहेर करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत रस्त्याने जातानाच धूर दिसतो आणि वास येतो. आम्ही अशाच एका गुऱ्हाळावर थांबलो. "या की, बसा, रस घ्या," म्हणून आधी रसाचे तांबे पुढे आले. चुलवाणावर रस आटवायची भली मोठी काहील, खाली चिपाडाचा जाळ. रस तापला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. पुढचं सगळं गुळव्याच्या नजरेवर. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी चाचपतो आणि काहील उतरवायची वेळ ठरवतो. एखाद्या मिनिटाची चूक झाली तरी गुळाची प्रत जाते. पाक पुरता आटण्याआधी काढतात ती काकवी. वाफ्यातला, म्हणजे निवायला ओतलेला, कोमट गूळ मुलांनी हाताने खाल्ला आणि परतीच्या वाटेवर दोघंही चिडीचूप झोपली.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याकडे जातो, चुलवाणावर राबणारी माणसं मिळत नाहीत. म्हणून तिथे गेलात तर नुसते फोटो काढून येऊ नका, गूळ विकत घ्या. फार पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, थोडा तांबूस-काळपट असला तरी चवीला तोच उजवा. काकवीसाठी स्वतःची बाटली न्या. आणि काहिलीजवळ मुलांचा हात सोडू नका, तिथे उकळता पाक असतो.

नृसिंहवाडी हा अर्ध्या दिवसाचा वेगळा बेत. दत्तदर्शन, मग बासुंदी आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आंबट-गोड असते, इतरत्र सहसा दिसत नाही, ती घ्या. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की रस्ते बंद होतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

घरी न्यायला कांदा-लसूण चटणी घ्या. आमच्याकडे मसाल्याला चटणीच म्हणतात. ती उन्हाळ्यात होते. जवारी किंवा संकेश्वरी मिरची तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी, आणि मग सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणायचं. एप्रिल-मे मध्ये आलात तर कुठल्याही पेठेत डंकाचा आवाज आणि ठसका मिळेल, आणि ताजी चटणीही. दुकानातून घेताना वास घेऊन बघा. लसणाचा वास आला पाहिजे, नुसत्या तेलाचा नको. तेलकट चटणी पिशवीत झिरपते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि बरणी कपड्यांपासून लांब ठेवा. त्याबरोबर आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि भडंग घ्या. पांढरा रस्सा मात्र बांधून नेऊ नका. नारळाच्या दुधामुळे तो पुण्याला पोहोचेपर्यंत आंबतो.