कीस्टोनची स्की ट्रिप कशी जमवली: माझा अनुभव

मागच्या जानेवारीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, 11 वर्षांची लेक, 6 वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून आलेली माझी आई, डॅलसहून कोलोरॅडोतल्या कीस्टोन ह्या स्की रिसॉर्टला जाऊन आलो. स्की आधी कुणीच पायात घातलेली नव्हती. आल्यापासून इथल्या आपल्या तीन-चार कुटुंबांनी कसं केलं, किती आधी केलं असं विचारलंय म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

आमचं बोलणं ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि पहिलं नाव निघालं कॅनडातल्या व्हिसलरचं. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक तिथे जातात, 2010 च्या विंटर ऑलिंपिकच्या स्की रेस तिथेच झाल्या होत्या, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे गाव फक्त 675 मीटरवर आहे, म्हणजे आईला उंचीचा त्रास व्हायचा प्रश्नच नाही. पण मुलं सोडली तर आम्हा तिघांचे भारतीय पासपोर्ट, म्हणजे तिघांना कॅनडाचा व्हिसा काढा, त्यात नवऱ्याचं अमेरिकेचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का, संपलेलं, आणि चार दिवसांच्या सुट्टीसाठी तेवढी धाकधूक मला नको होती. कॅनडातल्याच बॅन्फचं पण तेच. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, मग व्हिसलरचा विचार जरूर करा.

मग यूटामधलं पार्क सिटी. सॉल्ट लेक सिटीच्या एअरपोर्टवरून पाऊण तासात पोचता, गावात बस फुकट, पायथा सुमारे 6,900 फुटांवर. घरात वयस्कर माणूस असेल तर मी आजही आधी पार्क सिटीच सुचवीन. तरी आम्ही कीस्टोन घेतलं ते एका कारणासाठी, की रिसॉर्टमार्फतच दोन किंवा जास्त रात्रींचं राहणं बुक केलं तर 12 वर्षं आणि त्याखालच्या मुलांना लिफ्टचं, म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर वर नेणाऱ्या पाळण्यांचं, तिकीट फुकट मिळतं. बाहेरचे कॉन्डो (भाड्याचे फ्लॅट) रात्रीमागे स्वस्त दिसत होते पण दोन मुलांची तीन-तीन दिवसांची तिकिटं धरली की हिशेब सरळ उलटा होत होता. मी दोन्ही आकडे कागदावर मांडले तेव्हाच नवऱ्याला पटलं.

आता लिफ्टच्या पासबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. अमेरिकेत मोठे रिसॉर्ट मुख्यतः दोन पासमध्ये वाटलेले आहेत, एपिक आणि आयकॉन. व्हेल, ब्रेकेनरिज, कीस्टोन, पार्क सिटी, व्हिसलर हे एपिकवर, आणि विंटर पार्क, स्टीमबोट, जॅक्सन होल, मॅमथ, बॅन्फकडचे डोंगर हे आयकॉनवर. म्हणजे आधी डोंगर ठरवायचा आणि मग त्याचा पास, किंवा हातात पास असेल तर त्यातलाच डोंगर. पूर्ण सीझनचा पास आम्हाला नको होता, एपिकमध्ये 1 ते 7 दिवसांचा डे पास मिळतो, तो आम्ही दोघांनी तीन-तीन दिवसांचा घेतला. त्यातला सगळ्यात महाग प्रकार व्हेल, बीव्हर क्रीक, व्हिसलर अशांसाठी लागतो, कीस्टोनला त्याखालचा चालतो, हे नीट वाचून घ्या. पण मुख्य गोष्ट अशी की हे पास वसंतात सगळ्यात स्वस्त असतात, मग टप्प्याटप्प्याने महाग होत जातात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्रीच बंद होते. त्यानंतर तिकीट खिडकीवर एका दिवसाचे 200 डॉलरच्या वर मोजावे लागतात. आपल्याकडचे बरेच जण थँक्सगिव्हिंगनंतर "चला ह्या ख्रिसमसला स्कीइंग करू" म्हणतात, तोपर्यंत स्वस्तातलं दार बंद होत आलेलं असतं. आम्ही सप्टेंबरमध्ये घेतले.

तारखा ठरवताना शाळेवरून घरात वाद झाला. ख्रिसमसचा आठवडा, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंगचा लाँग वीकेंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा ह्या तिन्ही वेळी प्रचंड गर्दी आणि दर चढे, शिवाय स्वस्तातला डे पास त्यातल्या बऱ्याच तारखांना चालत नाही. मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला अर्धं टेक्सास कोलोरॅडोत असतं. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा, रविवार ते गुरुवार, मुलांची चार दिवस शाळा बुडवून. मला ते आवडलं नव्हतं, पण सोमवारी सकाळी लिफ्टला पाच मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नाही तेव्हा पटलं.

उंचीचं मात्र हलकं घेऊ नका. डेन्व्हर शहरच 5,280 फुटांवर, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर जवळपास तेवढंच आहे, आणि कीस्टोनचा पायथा 9,280 फुटांवर, गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) वर नेते ती 11,640 फुटांवर. आई 66 वर्षांची, बीपीची गोळी चालू. आधी डॉक्टरांना फोनवर विचारलं, त्यांनी तिची औषधं बघून काय घ्यायचं ते सांगितलं, आणि एक रात्र डेन्व्हरला काढा म्हणाले. मी एअरपोर्टवरून थेट वर जायचं ठरवलं होतं, ते बदलून रविवारची रात्र मैत्रिणीकडे काढली आणि वरची एक रात्र कमी केली. तरीसुद्धा वर गेल्यावर पहिल्या रात्री लेकीचं डोकं दुखलं, आईला धाप लागत होती. पाणी सारखं पीत राहायचं, पहिल्या दिवशी जिने चढउतार कमी करायची, दुसऱ्या दिवशी दोघी ठीक होत्या. आईच्या व्हिजिटर इन्शुरन्सचे नियम पण मी आधी वाचले, त्यात स्कीइंगची दुखापत धरलेली नव्हती, तिला स्की करायचीच नव्हती म्हणून चाललं, पण तुमचे आईवडील ट्यूबिंग (रबरी ट्यूबमध्ये बसून बर्फावरून घसरणं) वगैरे करणार असतील तर हे बघाच.

कॉन्डोला किचन घेतलं ते फार बरं केलं, रिसॉर्टवरचं जेवण महाग आहे आणि आईला दोन्ही वेळा पिझ्झा-बर्गर जाणार नव्हतं. फक्त एक सांगते, तिथे पाणी 90-91 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, भात टणक राहतो. माझ्या बॅगेत तीन लिटरचा छोटा कुकर होता, आईनेच हट्टाने भरायला लावला होता. रोज संध्याकाळी वरणभात, मेतकूट, लोणचं.

गाडीच्या बाबतीत मात्र मनस्ताप झाला. डेन्व्हरहून वर जाणाऱ्या आय-70 हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो ह्या पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे ट्रॅक्शनचा कायदा असतो, म्हणजे फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह आणि त्याला पुरेशी खोल नक्षी राहिलेले टायर, नाहीतर विंटर टायर, नाहीतर चेन जवळ हवी. मी भाड्याची गाडी ऑल व्हील ड्राइव्हच बुक केली होती, काउंटरवर रविवारी दुपारी त्यांनी साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह समोर ठेवली आणि "एसयूव्ही आहे ना" म्हणाले, वर चेन लावायला त्यांच्याच करारात मनाई. दीड तास उभं राहून, मॅनेजरला बोलावून, शेवटी हवी ती गाडी मिळाली. मुलं बॅगांवर झोपली होती. किल्ली हातात घ्यायच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या मागे AWD किंवा 4WD लिहिलंय का आणि टायर कसे आहेत ते स्वतः बघा, तिथे लाजू नका. सोमवारी पहाटे निघालो, आयझेनहॉवर टनेलच्या आधी बर्फ सुरू झाला आणि चढावर एक छोटी गाडी आडवी झालेली बघितली, तेव्हा त्या दीड तासाचं वाईट वाटेनासं झालं. शनिवारी सकाळी वर जायला आणि रविवारी दुपारनंतर खाली यायला हा रस्ता तासन्‌तास तुंबतो, ते दिवस टाळा.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स आणि सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. पँट आम्ही शेजाऱ्यांकडून आणल्या, गॉगल आणि ग्लोव्ह्ज मात्र चांगले विकत घेतले. सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून ऊन उलटून लागतं. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने, ऑनलाइन आधी बुक केलं तर स्वस्त पडतं. फॉर्मवर वजन आणि उंची खरीच लिहायची, कारण पडल्यावर बूट स्कीमधून कधी सुटायचा ते त्यावरून सेट करतात, चार-पाच किलो कमी लिहिलं तर स्की नको तेव्हाच सुटते, जास्त लिहिलं तर गुडघ्याशी खेळ आहे. बूट घट्टच असतात, नडगीला दुखत असेल तर त्याच दिवशी जाऊन बदलून घ्या, नवऱ्याने एक दिवस सहन केलं आणि पूर्ण दुपार वाया गेली.

आणि लेसन. आपल्या ओळखीतले लोक इथे पैसे वाचवतात, यूट्यूब बघून शिकू म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात कामाला आलेला खर्च हाच. मुलांना दोन दिवस पूर्ण दिवसाचं स्की स्कूल, आम्हाला एक दिवस ग्रुप लेसन, सगळं नोव्हेंबरमध्ये बुक केलं कारण जागा भरतात. सरकत्या पट्ट्यावरून, त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात, वर जायचं आणि स्कीची टोकं जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करत खाली यायचं. दुपारपर्यंत मला थांबता येत होतं. थांबता येतंय म्हटल्यावर भीतीच गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी ग्रीनवरून एकटा उतरत होता. इथे ग्रीन गोल सोपा, ब्लू चौकोन मधला, काळा डायमंड अवघड, आणि आम्ही तिन्ही दिवस ग्रीन सोडला नाही.

शेवटच्या दिवशी गोंडोलाने सगळे वर गेलो, आई पण, तिचं वेगळं बिना स्कीचं तिकीट काढून. वर मोठा बर्फाचा किल्ला करतात, ती मुलाला घेऊन त्यात फिरत बसली. मी आणि लेक स्कूलमार्मवरून निघालो, साडेतीन मैलांचा ग्रीन रन आहे, वरपासून थेट पायथ्यापर्यंत. मध्ये मध्ये थांबत, एकदा ती पडली, दोनदा मी, सव्वा तास लागला. खाली पोचलो तेव्हा आई गोंडोलाने आमच्या आधीच उतरून बाकावर बसली होती, थर्मासमधला चहा अजून गरम होता. दोन वाजता रेंटलचं सामान परत करायचं होतं, म्हणून बूट काढूनच प्यायलो.