वॉटरफर्ड, आधी उत्तरार्ध मग पूर्वार्ध

डब्लिनला येऊन तीन वर्षं झाली तरी वॉटरफर्ड राहिलंच होतं. व्हायकिंगांनी इ.स. 914 मध्ये वसवलेलं, आयर्लंडमधलं सगळ्यांत जुनं शहर. तिथे तासाभराची पायी टूर असते असं कळलं आणि एका शनिवारी एकटीच निघाले. (पुण्यात जन्म काढला, पण कसब्यातला हेरिटेज वॉक कधी केला नाही, ते सोडा.)

बस चाळीस मिनिटं उशिरा पोचली. धावतपळत गाठलं तोवर मंडळी क्राइस्ट चर्च कॅथेड्रलमध्ये. गाइड आजोबांनी हातानेच 'या' म्हटलं. पहिली दहा मिनिटं ओ की ठो कळेना. आयरिश इंग्रजी आता सरावाचं झालंय असा माझा समज होता, पण इथला हेलच निराळा. शेवटी लाज सोडून त्यांना चिकटूनच उभी राहिले.

समोर जेम्स राइसची समाधी. पंधराव्या शतकात अकरा वेळा महापौर झालेला हा माणूस, आणि दगडात कोरलाय तो चक्क कुजताना! उघड्या बरगड्या, अंगावर किडे आणि बेडूक. आपल्याकडचे वाढदिवसाचे फ्लेक्स आठवले आणि मला हसू आवरेना.

हे प्रॉटेस्टंट कॅथेड्रल अठराव्या शतकात जॉन रॉबर्ट्सने बांधलं. गावातलं कॅथलिक कॅथेड्रलही त्याचंच. पुढे द मॉल रस्त्यावर 'मार' नावाच्या कुणाचीतरी गोष्ट सुरू झाली. पाटीवरचं स्पेलिंग भलतंच लांबलचक, म्हणून आधी मला वाटलं हा माणूस वेगळा. तर तोच हा थॉमस फ्रान्सिस मार, ज्याने 1848 साली आयर्लंडचा तिरंगा पहिल्यांदा इथे फडकवला.

टूर संपल्यावर पैसे देताना म्हटलं, माझी सुरुवात हुकली. "मग पुढच्या फेरीला या, परत पैसे नकोत," आजोबा म्हणाले. मधल्या वेळात तिथला 'ब्ला' खाल्ला. मऊ, वरून पीठ भुरभुरवलेला, थेट आपल्या पावाचा भाऊ. कोटभर पीठ सांडलं.

दुसऱ्या फेरीत सगळं लख्ख कळलं. रेजिनाल्ड टॉवरच्या भिंतीत रुतलेला तोफगोळा आजोबांनी दाखवला, 1650 च्या वेढ्यातला. शहराच्या ब्रीदवाक्यात 'अजिंक्य' आहे. त्या वर्षी ते पडलं, ब्रीदवाक्य मात्र तसंच.

मग 1170 मधलं लग्न. लेन्स्टरच्या राजाने गेलेलं राज्य परत मिळवायला नॉर्मन सरदार स्ट्राँगबोला बोलावलं आणि बदल्यात मुलगी आइफ देऊ केली. वर आपल्यामागे राज्यही. आजोबांना वधू हवी होती. मी मागे सरकले, पण ओळखीचा चेहरा म्हणून मलाच ओढलं. नवरदेव म्हणून सत्तरीचे एक जर्मन काका. त्यांनी गंभीरपणे माझ्या कोटावरचं पीठ झटकलं आणि हात पुढे केला.