बोटांवरची राळ

राळ हा शब्द मला ठाऊक होता तो वर्तमानपत्रामुळे. निवडणुका लागल्या की आरोपांची राळ उडते, एवढंच. ती चिकट असते हे मला बायकांच्या हँडबॉलने शिकवलं. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा सामना मोबाइलवर बघत होते. एक खेळाडू वाकली, बुटाला बोटं लावली आणि पळाली. मला वाटलं, नाडी सुटली असेल. पण दर दोन मिनिटांनी कुणाची नाडी सुटते? मग कळलं, बुटावर राळेचा, म्हणजे झाडाच्या चिकट रसाचा, गोळा थापून ठेवलेला असतो. बोटं कोरडी पडली की तिथून घ्यायची. म्हणून तर तो चेंडू एका पंजात धरून मनगट उलटं केलं तरी पडत नाही.

तेव्हापासून चटक लागली. हंगाम सप्टेंबर ते जून, संघ सोळा, शेवटचे सामने बुडापेस्टला. निम्म्या क्लबांची नावं मला अजून धड उच्चारता येत नाहीत.

2024-25चा हंगाम मात्र मी एकाच बाईसाठी पाहिला. नॉर्वेची गोलकीपर काट्रीन लुंडे, हंगामाच्या सुरुवातीला वय 44. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि सोफ्यावरून उठताना ‘आई गं’ म्हणते. ही बाई तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोलापुढे उभी राहते. समोरची सहा मीटरच्या रेषेबाहेरून उडी घेते आणि हवेतूनच आणखी जवळ येऊन चेंडू हाणते. कुठे येणार हे बघून हलायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. मग लुंडेचा पाय कानापर्यंत जातो, दोन्ही हात फाकतात, आणि चेंडू कुठेतरी लागतोच. कुठे लागला हे बहुधा तिलाही नंतरच कळत असावं.

तेव्हा तिचा क्लब नॉर्वेतल्या क्रिस्टियानसान शहराचा वायपर्स. घोणस-फुरशांच्या कुळाचं नाव, आणि डंखही तसाच : 2021, 2022, 2023, सलग तीन करंडक. आणि 2025च्या जानेवारीत, ऐन हंगामात, क्लबचं दिवाळं निघालं. करंडक कपाटात आणि तिजोरी रिकामी! आपल्याकडच्या किती नाटक कंपन्यांची गोष्ट हीच.

लुंडे डेन्मार्कच्या ओडेन्सेकडे गेली आणि पाच महिन्यांत त्यांच्याबरोबर अंतिम सामन्यात उभी राहिली. समोर हंगेरीचा ज्यॉर. याच ज्यॉरकडून खेळताना तिने 2013 आणि 2014चे करंडक जिंकले होते. सगळ्या क्लबांचे मिळून तिचे करंडक सात, त्यांचे सहा. 1 जूनला ज्यॉर 29-27 जिंकला आणि त्यांचेही सात झाले. त्या सातांतले दोन तिच्याच हातचे, हा हिशेब मला झोपेपर्यंत सुटला नाही.

सामना चालू असताना आई शेजारी येऊन बसली होती.

“हिच्या हातात मोजे नाहीत?”

“नाही घालत गं हँडबॉलमध्ये.”

“आणि तो चिकटा? चेंडूचा हिच्या हातालाही लागत असेल की. निघतो कसा?”

“काहीतरी तेलकट लावून पुसतात.”

“खोबरेल,” आई म्हणाली. “आधीच चोळायचं. फणस चिरताना आपण नाही का लावत?”